खेकड्याचे घर आणि त्याची माती

खेकडा हा सर्वांच्या परिचयाचा प्राणी आहे. त्याला दहा पाय असतात. पुढच्या दोन पायांना नांग्या असतात. तो आडवा चालतो. आपण तर इगतपुरी तालुक्यातली मुले. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस लागला की खेकडा खाचरात दिसतो, ओहोळात दिसतो, कधी कधी पडवीत पण येऊन बसतो. म्हणून खेकडा कसा दिसतो हे मी सांगत बसत नाही.

मी मातीबद्दल लिहिणार आहे. खेकडा पाळला म्हटले की सगळे विचारतात, तो खातो काय? तो कशात राहतो, त्याची माती कशी आहे, हे कोणी विचारत नाही. मी पण विचारले नव्हते. म्हणून माझा पहिला खेकडा मेला.

पहिला खेकडा

आषाढात आमची आवणी चालली होती. बाबा बांधाला माती लावत होते. बांधात एक बीळ होते. त्यातून वरच्या खाचरातले पाणी खाली पळत होते. बाबांनी बिळात हात घालून खेकडा बाहेर काढला. आजी म्हणाली, "आण इकडं, कालवणाला होईल."

मी म्हणालो, "आजी, मी पाळतो याला."

आजी हसायलाच लागली. "आरं, खायचा किरवा कोणी पाळतं का? उद्या बोंबील पाळशील!" पण तिने तो मला दिला.

मी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. त्यात खाचरातला चिखल भरला आणि वर पाणी ओतले. खेकडा आत सोडला. भाकरी, भात आणि सुकट टाकली. वर फळी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याने थोडे खाल्ले. तिसऱ्या दिवशी काहीच खाल्ले नाही. मला वाटले त्याला भाकरी आवडत नसेल, म्हणून मी बोंबील टाकला. चौथ्या दिवशी तो पत्र्याला नांग्या टेकून वर तोंड करून उभा होता. मला वाटले हा पळणार. मी फळीवर दगड ठेवला. पाचव्या दिवशी सकाळी तो हलेना.

मला रडू आले. मी डबा तसाच शाळेत नेला. गुरुजींनी मला ओरडले नाही. ते म्हणाले, "चिखलात हात घाल. अगदी तळापर्यंत."

वरचा चिखल तांबडा होता. तळाचा चिखल काळा झाला होता. त्याला नासक्या अंड्यासारखा वास येत होता. सगळी मुले नाक धरून मागे सरकली.

गुरुजी म्हणाले, "हा उपाशी मेला नाही. याचे घर नासले."

माती का नासते?

गुरुजींनी फळ्यावर आकृती काढून सांगितले ते असे. मातीच्या कणांच्या मधे बारीक फटी असतात. त्या फटींत हवा असते. खूप पाणी घातले की फटी पाण्याने भरतात आणि हवा निघून जाते. उरलेले अन्न कुजवणारे सूक्ष्म जीव असतात. ते अन्न कुजवताना राहिलेली हवा पण वापरून टाकतात. मग हवेशिवाय जगणारे दुसरे जीव वाढतात. त्यांच्यामुळे चिखल काळा पडतो आणि तो घाण वास येतो. म्हणजे मी जितके जास्त खायला घालत होतो तितकी माती जास्त नासत होती.

खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ले ओले राहिले पाहिजेत, नाहीतर तो जगत नाही. पण नुसते ओले असून भागत नाही. त्या ओल्यात हवा पण पाहिजे. खेकडा वर तोंड करून उभा होता तो पळायला नाही, श्वास घ्यायला. आणि मी त्याच्यावर दगड ठेवला.

मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, खाचरात पण चिखलच असतो. तिथे खेकडा कसा जगतो?"

गुरुजी म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." मग ते आम्हाला शाळेमागच्या बांधावर घेऊन गेले. खाचरातले पाणी वाहते असते. नवे पाणी येते, जुने जाते. बीळ बांधात असते, त्याचे तोंड उघडे असते. आत ओल असते आणि तोंडातून हवा येते. गुदमरले की खेकडा बाहेर येतो. माझ्या डब्याला खाली भोक नव्हते आणि वर दगड होता.

दुसरे घर

मग आमच्या वर्गाने ठरवले की नीट घर करायचे आणि त्यात दुसरा खेकडा पाळायचा. त्याचे साहित्य आणि कृती पुढे देतो.

साहित्य : फुटक्या रांजणाचा खालचा भाग, खडे, सुती फडके, दोन पाट्या बांधाची माती, एक पाटी ओढ्यातली रेती, अर्धी पाटी वाळलेला पाला, मातीचे परळ, एक खापर, एक चपटा दगड आणि कामट्यांची जाळी.

कृती : रांजणाच्या तळाला भोक आहे का पाहावे. नसेल तर मोठ्या माणसाकडून पाडून घ्यावे. तळात तीन बोटे खड्यांचा थर द्यावा, म्हणजे जास्तीचे पाणी खाली उतरते. खड्यांवर फडके घालावे, म्हणजे माती वाहून जात नाही. नंतर माती, रेती आणि पाला एकत्र कालवून भरावा. नुसती माती दाबून बसते. नुसती रेती ढासळते, तिच्यात बीळ टिकत नाही. दोन्ही मिळून बरोबर होते.

माती किती खोल असावी? आमचा खेकडा चार बोटे रुंद होता. आम्ही एक वीत आणि वर चार बोटे माती घातली. त्याला पूर्ण आत जाऊन वळता आले पाहिजे. माती एका बाजूला उंच आणि एका बाजूला उतरती ठेवावी. उतरत्या बाजूला परळ पुरून त्यात पाणी ठेवावे आणि चपटा दगड टाकावा. खेकड्याला भिजायचे तेव्हा भिजता येते आणि दगडावरून बाहेर येता येते. उंच बाजूला खापर पालथे ठेवावे. त्याच्याखाली त्याने पहिल्याच रात्री बीळ केले. वर जाळी ठेवावी. आमचा खेकडा एकदा पळून पाचवीच्या वर्गात गेला होता, तेव्हापासून आम्ही जाळी बांधून ठेवतो.

पाणी आणि माती आणताना

१) ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात. माणसांना ते पाणी चांगले, कारण त्याने रोगजंतू मरतात. पण खेकड्याच्या कल्ल्यांना क्लोरीन बाधते. म्हणून पाणी उघड्या बादलीत दिवसभर उन्हात ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावे. आम्ही पावसाचे पाणी पण वापरले.

२) औषध मारलेल्या शेतातली माती आणू नये. किडे आणि खेकडे हे दोघे सांधे असलेल्या पायांचे प्राणी आहेत, म्हणजे एकमेकांचे लांबचे नातेवाईक. जे औषध किड्याला मारते ते खेकड्याला पण मारते. मुंग्यांचा खडू पण ओढू नये. मुंग्या येत होत्या म्हणून आम्ही परातीत पाणी भरले, मधे वीट ठेवली आणि विटेवर रांजण ठेवला. मुंग्यांना पोहता येईना.

३) चुलीतली राख टाकू नये. आजीने सांगितले होते की राखेने वास जातो. वास जातो, पण ओल्या राखेने कातडी चुरचुरते, मग कल्ल्यांचे काय होईल!

मुठीची परीक्षा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. रोज सकाळी परिपाठानंतर रांजणातली मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. मग मूठ उघडायची.

माती भुगा होऊन पडली तर ती कोरडी. थोडे पाणी शिंपडावे.

बोटांतून पाणी गळाले तर ती फार ओली. त्या दिवशी पाणी घालू नये. काडीने कडेची माती मोकळी करावी.

पाणी गळाले नाही आणि मातीचा लाडू झाला तर ती बरोबर.

नंतर त्या लाडवाचा वास घ्यायचा. पहिल्या पावसात येतो तसा वास आला तर चांगले. आंबट किंवा कुजका आला तर कुठेतरी अन्न राहिले आहे, ते शोधायचे. परीक्षा झाली की हात साबणाने धुवायचे. हे गुरुजी दोनदा सांगतात म्हणून मी पण लिहितो.

आम्ही एक वही केली. तिच्यात रोज लिहायचे : तारीख, मूठ, वास, अन्न उरले का. एका दिवसाची नोंद अशी आहे : "मूठ लाडू. वास चांगला. भात उरला, त्यावर पांढरी बुरशी, काढला." दुसरी नोंद अशी आहे : "मूठ गळाली. रात्री वळचणीचे पाणी आत आले. रांजण भिंतीकडे सरकवला."

अन्न मातीवर टाकायचे नाही. खापराच्या तुकड्यावर ठेवायचे. संध्याकाळी द्यायचे, कारण खेकडा रात्री खातो. सकाळी उरलेले उचलायचे. बुरशी आली असेल तर तिच्याखालची बोटभर माती पण काढायची. गोगलगाय, गांडूळ, पाला, थोडी सुकट हे सगळे तो खातो. भाकरी फार देऊ नये.

आणि माती सगळी एकदम बदलायची नाही. मला वाटायचे, स्वच्छता म्हणजे सगळे काढून नवे भरणे. तसे नसते. चांगल्या मातीत कुजलेले खाऊन साफ करणारे जीव असतात. पाल्याखाली करड्या रंगाचे किडे असतात ना, हात लावला की काही जण गोळी होतात, ते पण पाला खाऊन माती करतात. गंमत म्हणजे ते किडे नाहीतच, ते खेकड्याचे जवळचे नातेवाईक आहेत. सगळी माती फेकली तर हे कामकरी पण जातात. म्हणून पंधरा दिवसांनी तिसरा हिस्सा माती बदलावी आणि बिळाला हात लावू नये.

तेरा दिवस

पोळा झाल्यावर एक दिवस खेकडा खापराखाली गेला आणि वर आलाच नाही. बिळाचे तोंड मातीने बंद झाले होते. अन्न तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी पण तसेच. सहावा दिवस झाला तेव्हा मुले म्हणाली, मेला तो, उकरून बघू. एकाने काडी पण आणली.

मला पण उकरावेसे वाटत होते. पहिल्या खेकड्याची आठवण येत होती. मी गुरुजींकडे गेलो. गुरुजी म्हणाले, "मी सांगणार नाही. तुमची वही काय सांगते?"

आम्ही वही काढली. सहा दिवस मूठ लाडू होती. सहा दिवस वास चांगला होता. मग मी वर्गात म्हणालो, "मेला असता तर मातीला वास आला असता. माझ्या डब्याला आला होता तसा." आम्ही हात वर करून मते घेतली. उकरायचे नाही या बाजूने एकोणीस, उकरायचे या बाजूने सात. काडीवाल्याने काडी मोडून टाकली.

मग आम्ही फक्त कडेने पाणी शिंपडत राहिलो आणि वास घेत राहिलो. वहीत रोज तेच लिहीत होतो. मला रात्री झोप लवकर येत नव्हती.

तेराव्या दिवशी सकाळी परळात खेकडा बसला होता. तो पूर्वीपेक्षा मोठा दिसत होता. त्याचा रंग नवा होता. आणला तेव्हा त्याचा एक पाय तुटका होता, तिथे आता बारीक नवा पाय होता. त्याने कात टाकली होती! खेकड्याचे कवच आपल्या कातडीसारखे वाढत नाही. म्हणून मोठे होताना तो जुने कवच फोडून बाहेर येतो. त्या वेळी तो अगदी मऊ असतो. कोणीही त्याला खाऊ शकते. म्हणून तो मातीत लपतो. कवच कडक होईपर्यंत आतच राहतो, आणि जुने कवच खाऊन त्यातला चुना परत घेतो. आम्ही उकरले असते तर मऊ खेकड्याला काडी लागली असती.

आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "हां, मऊ किरवा आम्ही पण पाहिलाय. पण तो असा का असतो ते आज कळलं." आजीला माझ्याकडून काही कळले असे पहिल्यांदाच झाले.

बांध, धरण आणि खेकडा

बाबा म्हणतात, तुझा खेकडा तुला गोड, पण माझा बांध फोडतो. हे पण खरे आहे. बिळातून खाचराचे पाणी जाते. म्हणून आवणीच्या आधी बांध चोपून बिळे बुजवतात. पण बिळांमुळे मातीत हवा जाते आणि खालची माती वर येते, हे पण खरे आहे.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. माणसे वाहून गेली. तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरले असे त्या वेळच्या एका मंत्र्यांनी सांगितले. लोकांना ते पटले नाही. धरण गळते हे आम्ही आधीच सांगितले होते असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा बाबा पण शाळेत आले होते. बाबा म्हणाले, "बीळ दिसलं की बुजवायचं असतं. बघायला माणूस पाहिजे." मला वाटले, आमची वही पण त्यासाठीच आहे.

खेकडे आपल्या सह्याद्रीत पुष्कळ जातींचे आहेत. २०१६ साली संशोधकांनी इथे गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती शोधल्या. आपल्या खेकड्याची मादी अंडी आणि पिल्ले पोटाखालच्या शेपटीच्या पदरात सांभाळते. पिल्ले बाहेर येतात ती छोटे खेकडे होऊनच.

शंखातला खेकडा

कोकणात समुद्राकाठी दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा असतो. त्याचे पोट मऊ असते म्हणून तो शंख पाठीवर घेऊन फिरतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. गुरुजींनी सांगितले की अमेरिकेत आणि इतर देशांत लोक जमिनीवर राहणारे असे खेकडे काचेच्या पेटीत पाळतात. पेटीत वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा घालतात. किल्ला करता येईल इतकी वाळू ओली ठेवतात, आणि कात टाकायला पुरता येईल इतकी खोल. म्हणजे तिकडे पण आमचीच मुठीची परीक्षा! त्यांना गोडे आणि खारे असे दोन्ही पाणी द्यावे लागते. पण त्यांची पिल्ले समुद्रात वाढतात, म्हणून पाळायचे खेकडे बहुतेक समुद्रकाठावरूनच पकडून आणतात. तुम्ही कोकणात गेलात तर ते खेकडे आणि त्यांचे शंख तिथेच राहू द्या. खेकड्याला घर बदलायला शंख लागतात.

शेवटी काय केले?

दिवाळीची सुटी जवळ आली. सुटीत शाळा बंद. रोज मूठ कोण बघणार? कोणी म्हणाले, भरपूर पाणी घालून जाऊ. कोणी म्हणाले, भरपूर खायला ठेवू. मी म्हणालो, मी तेच केले होते.

शेवटच्या शनिवारी आम्ही सगळे ओहोळावर गेलो. खेकडा जिथून आणला होता त्याच बांधाच्या खाली ओल होती. तिथली माती आम्ही मुठीत घेऊन पाहिली. लाडू झाला. मग त्याला सोडले. तो आधी हलला नाही. नंतर आडवा आडवा चालत दगडाखाली गेला. त्याने मागे पाहिले नाही. मला थोडे वाईट वाटले, पण रडू आले नाही.

उन्हाळ्यात ओहोळ आटतो. तेव्हा खेकडा ओल लागेपर्यंत खोल बीळ करतो आणि पावसाची वाट पाहतो. म्हणून उन्हाळ्यात त्याच्या बिळात कचरा किंवा औषधाचे पाणी ओतू नका, अशी माझी सर्वांना विनंती आहे.

रांजण व्हरांड्यात तसाच ठेवला आहे. त्यात आता गांडुळे आहेत. वही त्याच्या शेजारी दोरीला बांधली आहे. शाळेत येणाऱ्या पालकांनी एक मूठ माती दाबून पाहावी, वास घ्यावा आणि वहीत लिहावे. हात धुवायला साबण नळाजवळ आहे.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ९